पासवर्ड कानावर पडू नये म्हणून: स्क्रीन रीडरसह पासवर्ड मॅनेजर

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्याच्या पासवर्डला दोन बाजूंनी धोका असतो. मागे कोणी उभं असेल तर ते कळत नाही, आणि आपला संगणक बोलतो. पासवर्डच्या चौकटीत टाइप करताना एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर अक्षराऐवजी ‘स्टार’ म्हणतो हे खरं. पण पासवर्ड आठवत नाही म्हणून नोटपॅडमधली यादी उघडली की तीच अक्षरं एकेक करून खोलीभर ऐकू जातात. या कटकटीला कंटाळून बरेच जण सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवतात, नाहीतर घरातल्या एखाद्या डोळस माणसाला तो सांगून मोकळे होतात.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड तयार करून एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणारा आणि लॉगिनच्या वेळी भरणारा प्रोग्राम, यातून सुटका करतो, फक्त तो नीट बसवावा लागतो. पासवर्ड तयार झाला, जतन झाला, वापरला गेला, आणि या सगळ्यात तो एकदाही उच्चारला गेला नाही, तर बसवणी जमली असं समजा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

आणखी एक फायदा आहे आणि माझ्या मते तो जास्त मोठा आहे: बनावट साइटपासून संरक्षण. डोळ्याला फसवणारे पत्ते वेगळे आणि कानाला फसवणारे वेगळे. ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी लिहिले तर डोळा चकतो, स्क्रीन रीडर मात्र भलतंच काहीतरी वाचतो आणि आपण सावध होतो. ‘सी’च्या जागी ‘के’ घातला किंवा एखादं अक्षर दोनदा लिहिलं, तर उच्चार जवळपास तोच राहतो आणि तिथे कान चकतो. मॅनेजर उच्चाराच्या भानगडीत पडत नाही. नोंदीत जतन केलेलं डोमेन आणि उघडलेल्या पानाचं डोमेन जुळतं का, एवढंच तो बघतो. रोजच्या साइटवर त्याने अचानक ‘जुळणारी नोंद नाही’ असं सांगितलं तर पासवर्ड कॉपी करून पेस्ट करण्याचा मोह टाळा. ऑल्ट+डी दाबून पत्त्याच्या पट्टीत जा आणि डाव्या-उजव्या बाणाने पत्ता अक्षर-अक्षर वाचा.

## कोणता निवडावा

मी उदाहरणं विंडोज, एनव्हीडीए आणि बिटवॉर्डन या मॅनेजरची देणार आहे. एनव्हीडीए मोफत आहे, बिटवॉर्डनची मूळ सेवाही मोफत आहे आणि त्याचा बहुतेक सगळा वापर कीबोर्डवरून होतो. वनपासवर्ड सशुल्क आहे. त्यात कंट्रोल+शिफ्ट+स्पेसने कुठूनही शोधखिडकी उघडते आणि कंट्रोल+बॅकस्लॅशने ब्राउझरमध्ये पासवर्ड भरला जातो. फक्त आयफोन आणि मॅक वापरणाऱ्यांना २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत आलेलं ॲपलचं पासवर्ड्‌स ॲप पुरेसं आहे. क्रोमचा स्वतःचा मॅनेजरही काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा.

पासवर्ड कुणाच्याच सर्व्हरवर ठेवायचे नसतील तर कीपास. सगळी तिजोरी आपल्याच संगणकावरच्या एका फाइलमध्ये राहते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर स्क्रीन रीडरसाठी अनुकूल करण्याचा पर्याय आहे, तो आधी चालू करा. यादीतल्या नोंदीवर कंट्रोल+बी दाबलं की वापरकर्ता नाव कॉपी होतं आणि कंट्रोल+सी दाबलं की पासवर्ड. एक सावधगिरी मात्र हवी. कीपासचं ऑटो-टाइप, म्हणजे कंट्रोल+ऑल्ट+ए, मुळात खिडकीचं शीर्षक बघून नोंद निवडतं. शीर्षक कोणीही नक्कल करू शकतो. त्यामुळे वर सांगितलेलं डोमेन जुळवण्याचं कवच तिथे तितकं भक्कम नसतं.

निवड पक्की करण्याआधी एक चाचणी घ्या. दोन-तीन बिनमहत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड त्यात टाका आणि माउस न वापरता नोंद शोधणं, भरणं, बदलणं आणि पुसणं ही चारही कामं करून बघा. एखाद्या बटणाचं नाव नुसतंच ‘बटन’ असं ऐकू येत असेल, किंवा यादीत फोकस हरवत असेल, तर तो मॅनेजर कितीही नावाजलेला असला तरी सोडून द्या.

## आधी स्क्रीन रीडर गप्प करा

एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही ठरवलं असेल तर कॅप्सलॉक. एनव्हीडीए+२ ने टाइप केलेली अक्षरं बोलणं आणि एनव्हीडीए+३ ने टाइप केलेले शब्द बोलणं बदलतं. दोन्हीकडे ‘बंद’ असं ऐकू येईपर्यंत दाबा. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये हेच काम इन्सर्ट+२ करतं. हे आवश्यक आहे, कारण ‘पासवर्ड दाखवा’ हे बटण चुकून दाबलं गेलं तर ती चौकट साधी होते आणि ‘स्टार’ऐवजी खरी अक्षरं बोलली जाऊ लागतात.

पडदा झाकून ठेवा. एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए+कंट्रोल+एस्केप दाबलं की स्क्रीन काळी होते आणि वाचन चालूच राहतं. जॉजमध्ये इन्सर्ट+स्पेस आणि मग एफ ११. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टॅप करायचं. झूम चालू असेल तर चारदा. हेडफोन तर हवाच.

बोललं गेलेलं कुठे साठून राहतं याकडे सहसा लक्ष जात नाही. जॉज आपण ऐकलेला मजकूर इतिहासात ठेवतो. इन्सर्ट+स्पेस, मग एच दाबल्यावर तो उघडतो आणि इन्सर्ट+स्पेस, मग शिफ्ट+एच दाबल्यावर पुसला जातो. एनव्हीडीएची लॉग पातळी ‘इनपुट/आउटपुट’ किंवा ‘डीबग’वर असेल तर दाबलेल्या कळा आणि बोललेले शब्द लॉग फाइलमध्ये जातात. एखादी अडचण शोधताना कुणीतरी ती पातळी वाढवून दिलेली असते आणि ती तशीच राहते. सेटिंगमध्ये ‘जनरल’ विभागात जाऊन बघून घ्या. आणि एनव्हीडीए+सी क्लिपबोर्डवरचा मजकूर मोठ्याने वाचतो. पासवर्ड कॉपी केल्यावर ‘खरंच कॉपी झालं का’ हे तपासायला ही कळ दाबू नका.

ब्रेल डिस्प्ले असेल तर काम सोपं होतं. एनव्हीडीए+एस ने आवाज पूर्ण बंद करा आणि बोटांनी वाचा.

## मास्टर पासवर्ड

तिजोरी उघडणारा हा एकच पासवर्ड लक्षात ठेवायचा आहे. बिटवॉर्डनला किमान १२ अक्षरं लागतात, पण आकडे-चिन्हांची खिचडी करण्यापेक्षा पाच-सहा असंबद्ध शब्दांची ओळ घ्या. शब्द आपल्या मनाने निवडू नका, मन नेहमी ओळखीच्या वाटेने जातं. १९९५ पासून वापरात असलेली डाइसवेअर पद्धत चांगली आहे: ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी, आणि प्रत्येक शब्दासाठी फासा पाच वेळा टाकायचा. ठिपके बोटाला लागतील असा फासा घेतला तर हे काम कुणाच्या मदतीशिवाय होतं. फासा नको असेल तर बिटवॉर्डनच्या जनरेटरमध्ये ‘पासफ्रेज’ निवडा.

मराठी शब्द वापरायचे असतील तर रोमन लिपीत लिहा, कारण लॉगिनच्या प्रत्येक ठिकाणी देवनागरी कीबोर्ड मिळेलच असं नाही. मग स्पेलिंग एकदा ठरवून टाका. ‘पाऊस’ रोमनमध्ये तीन-चार प्रकारे लिहिता येतो, आणि उच्चार तोच असल्यामुळे आपण कोणता प्रकार घेतला होता हे महिन्याभराने कान सांगत नाही.

हा पासवर्ड भक्कम का हवा, याचं उत्तर २०२२ च्या लास्टपास प्रकरणात आहे. त्यात ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, त्यामुळे मास्टर पासवर्ड भक्कम असलेल्यांच्या तिजोरीचं कुलूप फोडणं अवघड राहिलं. कमकुवत असलेल्यांना तो आधार नव्हता.

मास्टर पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याच्या पद्धतीचा) रिकव्हरी कोड कागदावर हवेतच. ब्रेलमध्ये लिहिणार असाल तर संक्षेप न वापरता पूर्ण लिहा. ब्रेलमध्ये १ ते ० हे आकडे ए ते जे या अक्षरांच्याच ठिपक्यांनी लिहितात, फक्त आधी अंकचिन्ह येतं. ते एक चिन्ह सुटलं, किंवा आकड्यानंतर अक्षर सुरू होताना अक्षरचिन्ह घालायचं राहिलं, तर सगळा कोड बदलतो. बिटवॉर्डनचा ३२ अक्षरांचा रिकव्हरी कोड किंवा वनपासवर्डची ३४ अक्षरांची सीक्रेट की लिहून काढताना ही चूक सहज होते. चार-चार अक्षरांचे गट पाडा, लिहिलेलं बोटांनी वाचत स्क्रीनवरच्या अक्षरांशी पुन्हा ताडून बघा. डोळस माणसाला ब्रेल वाचता येत नाही म्हणून कागद कुठेही ठेवला तरी चालेल, असं समजू नका. फोटो काढून कोणीही तो वाचून घेऊ शकतं.

## पहिली नोंद आणि पहिलं लॉगिन

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये बिटवॉर्डनचं एक्स्टेन्शन बसवा आणि लॉगिन करा. मग या क्रमाने जा.

१. कंट्रोल+शिफ्ट+वाय दाबा. एक्स्टेन्शनची छोटी खिडकी उघडते. ती मुळात एक वेबपानच आहे, त्यामुळे ब्राउझ मोड (कळांनी पानावर फिरणं) आणि फोकस मोडचे (चौकटीत टाइप करणं) सगळे नियम इथेही लागू होतात. फोकस शोधाच्या चौकटीत असेल तर एकदा एस्केप दाबल्यावर एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये येतो आणि पुन्हा दाबल्यावर खिडकी बंद होते. ‘एस्केप दाबलं तरी काही होत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

२. ब्राउझ मोडमध्ये बी दाबत बटणांवरून पुढे जा, ‘न्यू’ उघडून ‘लॉगिन’ निवडा. नाव, वापरकर्ता नाव आणि साइटचा पत्ता भरा. साइट आधीच दुसऱ्या टॅबमध्ये उघडी ठेवली असेल तर पत्ता आपोआप येतो.

३. पासवर्डच्या चौकटीजवळ जनरेटरचं बटण आहे. लांबी २० ठेवा. ‘संदिग्ध अक्षरं टाळा’ हा पर्याय डोळ्यांसाठी बनवलेला आहे: शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’. कानाला घोळ घालतात ती अक्षरं वेगळीच, ‘एम’ आणि ‘एन’, ‘बी’ आणि ‘डी’ आणि ‘पी’. तो पर्याय त्यांना हात लावत नाही. पासवर्ड कधी टीव्हीवर किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर हाताने टाइप करावा लागणार असेल, तर जनरेटरमध्येही पासफ्रेजच निवडा.

४. जतन करा, साइटच्या लॉगिन पानावर जा आणि कंट्रोल+शिफ्ट+एल दाबा. दोन्ही चौकटी भरल्या जातात. एकाच साइटवर दोन खाती असतील तर तीच कळ पुन्हा दाबल्यावर पुढचं खातं येतं.

५. भरलं गेल्याची घोषणा होईलच असं नाही, म्हणून तपासायचं. वापरकर्ता नावाच्या चौकटीत जाऊन एनव्हीडीए+वरचा बाण दाबा. लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए+एल. नाव ऐकू आलं तर पासवर्डही सहसा भरलेला असतो. पासवर्डच्या चौकटीत हेच केलं की रिकामी आहे की चिन्हं आहेत ते कळतं. मग एंटर.

काही साइट आधी फक्त वापरकर्ता नाव विचारतात आणि पासवर्ड पुढच्या पानावर. तिथे प्रत्येक पानावर तीच कळ पुन्हा दाबावी लागते. शॉर्टकट दुसऱ्याच कुणी अडवला असेल तर आधी एनव्हीडीए+एफ २ दाबा, म्हणजे पुढची कळ एनव्हीडीए स्वतः न घेता ब्राउझरकडे सोडतो. जॉजमध्ये त्यासाठी इन्सर्ट+३ आहे. तरीही जमलं नाही तर क्रोमच्या एक्स्टेन्शन पानावरच्या ‘कीबोर्ड शॉर्टकट’ भागात कळ बदलता येते.

एक सेटिंग मी आवर्जून बंद ठेवतो. बिटवॉर्डन चौकटीखाली सूचनांचा छोटा मेनू उघडतो. डोळस लोकांना तो सोयीचा, पण स्क्रीन रीडरच्या वाटेत तो मध्येच येतो, आणि साइटची स्वतःची सूचना कोणती आणि मॅनेजरची कोणती हे कळेनासं होतं. ‘ऑटोफिल’ विभागात तो बंद करा आणि शॉर्टकटवर भिस्त ठेवा. ब्राउझरचा स्वतःचा पासवर्ड जतन करणाराही बंद करा. एका चौकटीवर दोघे झडप घालत असतील तर गोंधळ आपल्याच कानात होतो.

तिजोरी आपोआप लॉक होण्याची वेळ अशी ठेवा की पाळता येईल. दर पाच मिनिटांनी सहा शब्द टाइप करावे लागले तर माणूस आठवड्याभरात लॉकच काढून टाकतो. त्यापेक्षा लॉक लवकर होऊ द्या आणि उघडायला पिन किंवा बोटाचा ठसा लावा. ब्राउझर बंद करून उघडल्यावर मात्र मास्टर पासवर्ड मागितला जाईल असंच ठेवा. क्लिपबोर्ड आपोआप पुसण्याचा पर्याय चालू करा, आणि विंडोज+व्ही वापरत नसाल तर विंडोजच्या सेटिंगमधून क्लिपबोर्डचा इतिहास बंद करा.

## क्यूआर कोड, तीस सेकंद आणि तिसरं-पाचवं अक्षर

दुहेरी पडताळणी चालू करताना साइट क्यूआर कोड दाखवते आणि तिथे बरेच जण अडतात. त्याच पानावर ‘स्कॅन करता येत नाही’ किंवा ‘सेटअप की दाखवा’ अशी लिंक शोधा. त्यामागे अक्षरांची एक ओळ असते. ती कॉपी करून मॅनेजरमधल्या ऑथेंटिकेटरच्या चौकटीत पेस्ट केली की झालं. लिंक सापडली नाही तर बिटवॉर्डन आणि वनपासवर्ड या दोघांच्याही एक्स्टेन्शनमध्ये पानावरचा क्यूआर थेट वाचण्याचं बटण आहे. कॅमेरा धरण्याची गरज पडत नाही.

हे कोड दर ३० सेकंदांनी बदलतात. ऐकून, लक्षात ठेवून, टॅब बदलून टाइप करेपर्यंत वेळ निघून जातो, म्हणून कोड ऐकूच नका. बिटवॉर्डनच्या सशुल्क प्रकारात पासवर्ड भरल्यावर कोड आपोआप क्लिपबोर्डवर येतो, पुढच्या पानावर फक्त कंट्रोल+व्ही. पासवर्ड आणि कोड एकाच तिजोरीत ठेवल्याने सुरक्षा थोडी कमी होते, हा आक्षेप बरोबर आहे. पण कोड वेळेत टाकता येत नाही म्हणून दुहेरी पडताळणीच बंद ठेवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. फक्त खुद्द मॅनेजरच्या खात्याचा कोड त्याच मॅनेजरमध्ये ठेवू नका.

काही बँका पासवर्डचं तिसरं, पाचवं, आठवं अक्षर विचारतात. बिटवॉर्डनच्या नोंदीत पासवर्ड दाखवल्यावर अक्षरांचे क्रमांक दाखवणारं बटण असतं, त्याने मोजायची गरज राहत नाही. इथे अक्षर ऐकण्याला पर्याय नाही, म्हणून हेडफोन लावूनच. नमपॅडवरचं २ दाबलं की कर्सरखालचं अक्षर ऐकू येतं, दोनदा दाबलं की ‘ब्राव्हो’, ‘डेल्टा’ अशा खुणेच्या शब्दासह येतं. लहान-मोठं अक्षर ओळखायला आवाजाच्या उंचीवर विसंबू नका. एनव्हीडीए+कंट्रोल+व्ही ने स्पीच सेटिंग उघडून मोठ्या अक्षराआधी ‘कॅप’ म्हणण्याचा पर्याय चालू करा.

## फोनवर

आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’खाली ‘ऑटोफिल अँड पासवर्ड्‌स’मध्ये आपला मॅनेजर निवडा. लॉगिनच्या चौकटीवर डबल टॅप केल्यावर सूचना कीबोर्डच्या लगेच वर येते. ती सापडत नसेल तर कीबोर्डच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवा आणि डावीकडे स्वाइप करत मागे जा. फेस आयडी अडत असेल तर ‘कॅमेऱ्याकडे लक्ष असणं आवश्यक’ हा पर्याय बंद आहे का ते बघा. अँड्रॉइडवर सूचना कीबोर्डच्या वर किंवा चौकटीखाली येते. बोट सरकवत शोधावी लागते.

साइट पासकीचा, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या लॉकने लॉगिन करण्याचा, पर्याय देत असेल तर घ्या. टाइप करायला काही उरत नाही आणि ऐकू जायलाही काही उरत नाही.

## जुने पासवर्ड आणणं

ब्राउझरमधून सीएसव्ही फाइल काढा, मॅनेजरमध्ये आयात करा आणि ती फाइल शिफ्ट+डिलीटने लगेच पुसा. त्या फाइलमध्ये सगळं उघड्यावर असतं. मग पासवर्ड बदलायला सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्यांचे ‘पासवर्ड विसरलो’चे दुवे तिथेच येतात. त्यानंतर पैशांची खाती. बाकीची जशी उघडाल तशी.

## पेस्ट नाकारणाऱ्या साइट

काही साइट पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करू देत नाहीत. आधी कंट्रोल+शिफ्ट+एल करून बघा, कारण पेस्ट बंद असतानाही भरणं कधी कधी चालतं. तेही नाही चाललं तर तक्रार करा, आणि ती नेमकी करा. वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्या ३.३.८ या निकषानुसार लॉगिनसाठी पासवर्ड आठवायला लावायचा असेल तर त्याला पर्याय किंवा मदत द्यावी लागते, आणि पासवर्ड मॅनेजर व कॉपी-पेस्ट चालू देणं ही त्यातलीच मदत. हा निकष एए पातळीचा आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही पेस्ट चालू द्यावं असंच सांगतात. निकषाचा क्रमांक, स्क्रीन रीडर आणि ब्राउझरची आवृत्ती, आणि नेमकी कोणती चौकट काय नाकारते, एवढं लिहिलेली तक्रार साइट बनवणाऱ्यांपर्यंत पोचण्याची शक्यता बरीच असते. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहिलेली तक्रार मदतकक्षातच ‘ब्राउझर बंद करून उघडा’ या उत्तरावर मिटवली जाते.